राहण्याजोगं

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आधी एक हिसका बसला, मग वरचा पिवळा दिवा गेला, मग छोट्या पंख्याची घरघर हळूहळू मेली, आणि चिमीला कळलं की वीज गेली. हातात भाजीची पिशवी होती. चौथ्या मजल्याची फरशी बरोबर तिच्या छातीशी आली होती, त्यामुळे जाळीतून कोणाच्या तरी दारातल्या चपला, पायपुसणं आणि दाराखालची फट एवढंच दिसत होतं. लिफ्ट जुनी, लोखंडी जाळीची; आत ग्रीसचा आणि ओल्या गंजाचा वास. चिमी ओरडली नाही. तिची बोटं सवयीनं भिंतीवर फिरली, धोक्याचं बटण शोधायला. बटण होतं त्या जागी एक भोक होतं आणि भोकात कोणीतरी कागदाचा बोळा कोंबून ठेवला होता. तिनं तो बोळा उगाच काढून पाहिला आणि परत कोंबला. तेवढ्यात खालून तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, पाय दिसतायत!"

झालं. पुढच्या काही मिनिटांत दोन्ही मजल्यांवर माणसं जमली. खालच्यांना तिचे पाय दिसत होते आणि वरच्यांना डोकं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना वाटत होतं की आपल्यालाच नीट माहिती आहे. "कोण अडकलंय?" "पाचव्या मजल्यावरच्या आजींची चिमी." "कुठली चिमी?" "अहो, ती परदेशातली." "ती केव्हा आली?" "झाला की आठवडा. तुमच्या पोरीच्या सर्दीला औषध नाही का आणलं तिनं." मग सल्ले सुरू झाले. वरचं बटण दाब. दाबू नकोस, वीज आली की एकदम झटका बसेल. उडी मारू नको हं. "उडी कशाला मारेल ती?" "परवा एकानं मारली होती." सोसायटीचे सेक्रेटरी पायजम्याची नाडी आवळत आले आणि जाळीशी उकिडवे बसले. "घाबरायचं काही कारण नाही. मेकॅनिकला फोन केलाय. निघालाय तो."

"कुठून निघालाय?" चिमीनं विचारलं.

"घरून."

"घर कुठंय त्याचं?"

"ते नाही विचारलं," सेक्रेटरी म्हणाले, आणि आपलं काही चुकलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

चिमी हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण मजेत आहोत. खरं तर दुपारचं ऊन जिन्याच्या जाळीतून आत येत होतं, पाठीवरून घाम ओघळत होता, पिशवीतल्या पालेभाजीचं पाणी पायावर ठिबकत होतं, आणि तरी छातीत कसलंसं सैल, मऊ झालं होतं. बाळंतिणीला आंघोळीनंतर शेक मिळावा तसं. हे तिला बरोबर वाटलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं मजेत असू नये. तिनं पिशवी खाली ठेवली, जाळीला पाठ टेकली आणि मागच्या हिवाळ्यातली ती दुसरी, परदेशातली लिफ्ट आठवली. आठवली म्हणजे काय, ती लिफ्ट तिच्या मनातून कधी गेलीच नव्हती.

ती लिफ्ट स्टीलची होती. एका बाजूला आरसा. थांबली तेव्हा दिवा गेला नाही, उलट जरा जास्तच उजळला, आणि भिंतीतून एका बाईचा आवाज आला. आवाज गोड होता. आपण सुरक्षित आहात, तो म्हणाला. आपल्याला काही आजार आहे का? नाही, चिमी म्हणाली. आपल्यासोबत कोणी आहे का? नाही. "म्हणजे आपण एकट्या आहात," तो आवाज म्हणाला. त्यात सहानुभूती नव्हती आणि तुसडेपणाही नव्हता. ती एक नोंद होती. नोंद झाल्यावर आवाज गेला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच निळ्या गणवेशातला माणूस आला, त्यानं दार सरकवलं, तसदीबद्दल माफी मागितली आणि दिवस चांगला जावो म्हणाला. मध्यंतरी जिन्यावरून दोघंजण गेल्याचं तिला ऐकू आलं होतं. ते थांबले नाहीत. थांबायची गरजच नव्हती, आणि गरज नसताना दुसऱ्याच्या अडचणीकडे न बघणं ही तिथली सभ्यता. चिमीला ती सभ्यता पहिल्या वर्षी फार आवडली होती. पण त्या दिवशी ती घरी गेली, दाराजवळच्या बाकावर बूट-कोटासकट बसली आणि रडली. नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत आला. "काय झालं?" "लिफ्टमध्ये अडकले होते." "मग?" "सोडवलं." "लगेच सोडवलं ना?" "हो." तो खरोखरच विचारात पडला. "मग रडायचं काय त्यात?" म्हणाला. त्याचं बरोबर होतं. म्हणून ती आणखी रडली आणि मग उठून तोंड धुतलं. नळाला गरम पाणी होतं, नेहमीसारखं.

नवऱ्याचं तर सगळं त्या नळातच आलं. तो तिथल्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता आणि त्याची त्या कामावर देवासारखी श्रद्धा होती. लहानपणी तो आणि त्याची बहीण पहाटे उठून गल्लीच्या टोकाला हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभे राहायचे. बहीण थोरली, म्हणून मोठा हंडा तिच्या कमरेवर. वाढीचं वय. कंबर एका बाजूला कलली ती कललीच. आजही ती चालते तेव्हा अदृश्य हंडा घेऊन चालल्यासारखी चालते. "नळ सोडला की पाणी येतं," तो म्हणायचा, "यापेक्षा माणसाला काय लागतं गं?" यावर कोणीही बोलू शकत नसे. चिमी तर नाहीच. त्या बहिणीच्या समोर बसून 'मला तिकडे करमत नाही' म्हणायचं म्हणजे भरल्या पोटी उपाशी माणसाला ढेकर ऐकवण्यासारखं. म्हणून तिकडच्या बारा वर्षांत ती हे वाक्य कोणाजवळ बोलली नव्हती. करमत नाही हा शब्द तरी केवढा लहान, लाडावलेल्या पोराचा. तापात सुद्धा आकडा सांगता येतो, यात तेही नाही.

"चिमे, हे घे," वरून कोणीतरी म्हणालं. तळमजल्यावरचे शिंपीकाका चार जिने चढून आले होते. त्यांनी जाळीच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यातून पाण्याची बाटली आत सोडली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. "पी. आणि बस खाली. उभी राहू नको, चक्कर येईल. आईला सांगितलंय तुझ्या, ती येतेय."

"तिला कशाला सांगितलंत? गुडघे दुखतात तिचे."

"न सांगून चालतंय होय? नंतर शिव्या कोण खाईल?"

चिमी खाली बसली. तिचा धंदा कानांचा. बहिऱ्या माणसांना यंत्र बसवून द्यायचं, त्यांच्या कानाच्या मापानं ते जुळवायचं. लग्नाआधी याच शहरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती हे काम शिकली होती. इथं म्हाताऱ्या माणसांना मुलं, सुना, नातवंडं मिळून धरून आणत. यंत्र कानात गेलं की आजोबा दचकत, इकडे-तिकडे बघत; रस्त्याचे भोंगे, शेजारच्या दुकानातलं कापायचं मशीन, सगळं एकदम अंगावर येई. एक आजी तर दोन दिवसांनी परत आल्या आणि यंत्र टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काढ बाई हे. सुनेचं सगळं ऐकू येतंय." त्या देशात उलटं. तिथं म्हातारी माणसं एकटी येत, स्वच्छ कपड्यांत, वेळेवर. एक म्हातारे गृहस्थ वारंवार येत आणि सांगत की यंत्र शिट्टी मारतं. चिमी तपासायची, यंत्र उत्तम. "आता बोला काहीतरी," ते म्हणत, "म्हणजे मला कळेल." मग ती बोलायची. आज थंडी आहे. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलंय. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, हं, आता बरं आहे. त्यांच्या घरी ऐकण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांच्या घरी पायऱ्यांना कठडे होते, मोरीत धरायला दांडा होता, मदत बोलवायला गळ्यात दाबायचं बटण होतं, आणि ते नव्वदीला आले होते. इथल्या त्या आजी, ज्यांना सुनेचं ऐकायचं नव्हतं, सत्तरीही न गाठता मोरीत घसरून गेल्या. चिमी या दोघांना मनात शेजारीशेजारी बसवायची आणि कोणाचं बरं हे ठरवायला बघायची. ठरायचं नाही. दोघंही तिच्याकडे नुसती बघत राहायची.

बाबाही असेच मनात येऊन बसत. पाच वर्षांपूर्वी ही लिफ्ट बरेच दिवस बंद होती. सकाळी दाढी करताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण आत दोन्ही बाजूंना वाहनं लावलेली. शिंपीकाका, सेक्रेटरी आणि आणखी दोघांनी बाबांना लाकडी खुर्चीत बसवलं, धोतरानं बांधलं आणि जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा म्हणाले, "जरा ठेवा खाली मला. तुम्ही दमलात." त्यांनी ठेवलं. तिथंच ते गेले. चिमी तेव्हा त्या देशात आवाजबंद खोलीत एका बाईचे कान तपासत होती आणि तिचा फोन बाहेर टेबलावर होता. नंतर चौघांनीही तिला वेगवेगळं फोनवर सांगितलं. प्रत्येकाच्या सांगण्यात वळण वेगळं, खुर्चीची कोणती बाजू कोणाकडे हे वेगळं, पण 'तुम्ही दमलात' हे शब्द तेच. चिमीनं ते शब्द जपून ठेवले. माणसानं जावं तर असं जावं, ती स्वतःला सांगायची. चार जणांच्या हातांत, त्यांची काळजी करत. त्या देशात एकदा कामावरच्या मंडळींसोबत जेवताना तिनं ही हकिकत सांगितली. एका मैत्रिणीचे डोळे भरून आले. आणि मग यंत्रांचा हिशेब बघणारा एक सरळ स्वभावाचा माणूस म्हणाला, "पण लिफ्ट का बंद होती?" चिमीला त्याचा इतका संताप आला की ती किती तरी महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्या बिचाऱ्याला तिच्या रागाचं कारण कधी कळलं नाही. तिला कळलं होतं, पण तिनं ते आत कुठं तरी दाबून टाकलं होतं.

आई आली. चौथ्या मजल्याच्या जिन्यावर आधी तिची काठी वाजली, मग दम, मग ती. शिंपीकाकांनी कोणाच्या तरी घरातून स्टूल आणलं आणि आई जाळीशी बसली, चिमी आत उठून उभी राहिली. आता दोघींचे चेहरे जवळजवळ समोरासमोर होते, मध्ये लोखंडी जाळी. बघ्यांपैकी निम्मे पांगले होते, निम्मे तिथंच जिन्यावर टेकले होते. वीज नसल्यानं घरात जाऊन करायचं काय होतं?

"हसतेयस काय?" आई म्हणाली.

"कुठं हसतेय?"

"मघापासून हसतेयस. शिंपी म्हणाला मला. म्हणाला, तुमची लेक आत बसून हसतेय, डोक्यावर परिणाम झालाय का बघा."

शिंपीकाका मान वळवून जिन्याकडे बघायला लागले. चिमीला आईचा हात धरावासा वाटला, पण जाळीतून बोटंच जात होती. आईनं तिची बोटं आपल्या बोटांनी नुसती दाबली. आई बारीक झाली होती. चिमी आली होती ती तिला न्यायलाच. परवानगीचे सगळे सोपस्कार झाले होते, नवऱ्यानं मधली खोली रिकामी करून तिथं पलंग लावला होता, लेक दुसऱ्या गावी शिकायला गेल्यामुळे घर तसंही मोकळं होतं. फक्त आईचा होकार तोंडी यायचा होता. आठवडा झाला, चिमीनं विषय काढला नव्हता आणि आईनंही. आणि आता, घामानं भिजून, ग्रीसच्या वासात उभ्या असलेल्या चिमीला स्वच्छ दिसलं की आपण विषय का काढला नाही. आई नाही म्हणेल याची ती वाट बघत होती. म्हातारी माणसं नाहीच म्हणतात. मुळं, माती, आपली माणसं, काय काय म्हणतात. आई नाही म्हणाली की चिमीला इलाज उरणार नव्हता. आईला एकटं कसं ठेवणार? मग तिला इथं येऊन राहावंच लागलं असतं, आणि त्यावर नवरा, नणंद, कोणीच बोट ठेवू शकलं नसतं. मनात तिनं या घराच्या स्वयंपाकघराला रंगसुद्धा दिला होता. आईचं 'नाही' हे तिचं परतीचं तिकीट होतं, आणि ते ती आईच्याच खर्चानं काढणार होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण फार नाही. लाजेपेक्षा अधीरपणा जास्त होता.

"आई," ती म्हणाली, "त्या जाण्याचं काय ठरवलंयस मग तू?"

इतक्या माणसांत विचारायला नको होतं. पण विचारून झालं.

"ठरवायचं काय त्यात," आई म्हणाली. "मी येणार आहे."

चिमीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. कानांच्या धंद्यातल्या बाईला असं वाटावं याचं तिला त्याही क्षणी हसू आलं. जिन्यावर मात्र एकच गलका उठला. "आजी, काय बोलताय?" सेक्रेटरी म्हणाले. "तिकडं काय आहे? माणूस दिसत नाही रस्त्यावर."

"दिसतं की. बोलत नाही एवढंच."

"आणि थंडी? आणि करमणार कसं? इथं हाक मारली की दहा माणसं धावतात."

"धावतात ना," आई म्हणाली. "ह्यांच्या वेळी धावलातच. जन्मभर विसरायची नाही मी. तुझा खांदा त्या दिवसापासून दुखतो तेही मला ठाऊक आहे." ती थांबली. तिला दम लागला होता, की ती शब्द निवडत होती, कळलं नाही. "पण माणसाला असं उचलावं लागावंच का, मी म्हणते. पाचव्या मजल्यावरून, खुर्चीला बांधून. ह्यांना शेवटी तुमचीच काळजी लागली. स्वतःकडे बघायलाही वेळ मिळाला नाही त्यांना. मला तसं नाही जायचं. मला दार उघडायचं, बाहेर पडायचं, कोणाला दमवायचं नाही."

सेक्रेटरींचा हात नकळत खांद्यावर गेला होता. शिंपीकाका म्हणाले, "खरं आहे आजी." आणि मग, टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत, "जा तुम्ही."

मेकॅनिक आला तो चहा पिऊनच आला असावा. वर गच्चीत जाऊन त्यानं चाक हातानं फिरवलं आणि लिफ्ट इंचाइंचानं तिसऱ्या मजल्यावर उतरली. दार उघडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी चिमीची भाजीची पिशवी उचलली. ती चौथ्या मजल्यावर आली आणि आईला धरून जिना चढायला लागली. आईला बोलणं आणि चढणं एका वेळी जमत नसे.

घरात आल्यावर आई पलंगावर पाय लांब करून बसली आणि चिमी तिच्या गुडघ्यांना तेल लावायला लागली. वीज अजून आली नव्हती. खाली कोणाचं तरी भांडण चाललं होतं, गाडी काढा, नाही काढत. आई डोळे मिटून बोलत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ती चिमीकडे राहून आली होती. तेव्हा ती दिवसभर खिडकीशी बसलेली दिसे आणि चिमीला वाटे, कंटाळली. कामावरून यायला उशीर झाला की तिला अपराध्यासारखं होई. "कंटाळले?" आई म्हणाली. "अगं, तू गेलीस की मी निघायचे. जावईबापूंचा जुना कोट घालायचे, तो गुडघ्याखाली येतो, थंडी लागत नाही. त्या तळ्यापर्यंत जायचे. रस्ता कसा, तळहातासारखा. मध्ये मध्ये बाकडी. काठी टेकली की टेकलेलीच, कुठं खड्ड्यात जात नाही. लग्न झाल्यापासून मी कधी नुसती फिरायला बाहेर पडले होते का? पडले तर भाजीला, दळणाला, नाही तर कोणाला बघायला. वाटेत पाच जण विचारणार, कुठं निघालात. काय सांगायचं? कुठं नाही, अशीच, असं बाईमाणसानं सांगितलेलं ऐकलंयस कधी? तिथं कोणी विचारलं नाही. मला वाटलं, आपण दिसतच नाही की काय. आणि मग वाटलं, बरं आहे की न दिसणं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगण्यासारखं काय होतं? खालच्या मजल्यावरची ती उंच बाई नाही का, पुस्तकालयात होती म्हणतात, ती यायची. दोघी बसायचो बाकावर. तिचं मला कळायचं नाही, माझं तिला. ती तिच्या बहिणीबद्दल बोलायची."

"न कळता कसं कळलं बहिणीबद्दल?"

"तेवढं कळतं," आई म्हणाली.

चिमी त्या बाईच्या वरच्या मजल्यावर बारा वर्षं राहत होती. जिन्यात भेटली की दोघी मान हलवत. ग्रंथपालबाईला बहीण आहे की होती, हे चिमीला माहीत नव्हतं. एकदा थंडीत तिच्या दाराशी दुधाची बाटली तशीच राहिलेली दिसली तेव्हा चिमीनं बेल वाजवायला हात उचलला होता आणि, तिला आवडणार नाही, असं म्हणून खाली घेतला होता. दुसऱ्या दिवशी बाटली उचललेली होती. तिथली माणसं बोलत नाहीत असं चिमी म्हणत आली. पण तिनं तरी कधी बाकावर बूड टेकलं होतं? इथं तिला बसावं लागत नव्हतं, लोकच तिच्यावर येऊन बसत. सोपं होतं ते. तिच्या हाताखाली आईच्या गुडघ्याची वाटी इकडून तिकडे सरकत होती, तेलानं चमकत होती. खालचं भांडण संपलं होतं की कोणी जेवायला बोलावलं म्हणून अर्धवट सुटलं होतं, कोण जाणे.

"तुला परत जायचं नाही," आई डोळे न उघडता म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

चिमीचा हात थांबला. बारा वर्षं न बोललेलं वाक्य ओठांशी आलं. इतकी वर्षं ते आत ठेवल्यामुळे त्याचा आकारच बदलला होता बहुतेक, तोंडातून निघेना. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू नाही म्हणशील."

"म्हणजे तुला राहता आलं असतं."

"हो."

आईनं डोळे उघडले. रागावलेली दिसली नाही. दळण जाड आलं की जशी बघे, तशी बघितली. "मग माझ्या नावावर कशाला राहतेस? राहायचं तर तुझ्या नावावर राहा."

"लोक काय म्हणतील? आईला तिकडे पाठवलं आणि ही इकडे."

"लोक म्हणतात," आई म्हणाली, "ते त्यांचं कामच आहे. दुसऱ्या गुडघ्याला लाव आता, हा भाजायला लागला."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा मागे त्या घराची शांतता ऐकू येत होती. चिमीला ती शांतता ओळखीची होती, तिला वास नसे, खोली गरम ठेवणाऱ्या नळीची मधूनच होणारी टिकटिक तेवढी असे. "म्हणजे आई येणार," तो म्हणाला, "आणि तू नाही." "उन्हाळ्यापर्यंत रजा काढते. मग बघू." "बघू म्हणजे?" "बघू म्हणजे मला माहीत नाही." तिला वाटलं तो चिडेल. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो खाली उतरणाऱ्या आवाजात म्हणाला, "माझं काही चुकलं का?" "नाही रे." "पाणी उकळून पी मग तिथलं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "आईंना सूप चालतं ना रात्री?" फोन ठेवल्यावर चिमी बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. इतकं सोपं असायला नको होतं, आणि ते सोपं नव्हतंही. अवघड भाग अजून यायचा होता आणि तो दोघांनाही दिसत होता, म्हणूनच दोघं सूपावर बोलले.

आई गेली त्या दिवशी अर्धी इमारत गल्लीच्या तोंडापर्यंत आली. विमानतळावर एका गणवेशातल्या मुलीनं आईला चाकांच्या खुर्चीत बसवलं. आईनं तिला आधी पाय कुठं ठेवायचे ते विचारलं, मग हळू ढकल म्हणाली, मग जरा जोरात ढकल म्हणाली. काचेच्या दारापाशी ती मागं वळून बघेल म्हणून चिमी टाचा उंचावून उभी होती. आईनं वळून बघितलं नाही. ती त्या मुलीशी काहीतरी बोलण्यात गुंतली होती.

चिमीचे पहिले दिवस वाईट गेले. आईसोबतच्या आठवड्यात जे घर मऊ वाटलं होतं ते आता नुसतं घर होतं: भिंतीला ओल, खिडकीतून धूळ, समोरच्या बांधकामावरचं ड्रिल सकाळपासून दातांत घुसणारं. पाणी पहाटे येई आणि ती बादल्या भरताना नणंदेच्या कमरेचा विचार करी. बेल न वाजवता माणसं आत येत. ती कपडे बदलत असताना चौथ्या मजल्यावरच्या वहिनी सरळ खोलीत आल्या आणि पलंगावर बसून आपल्या जावयाबद्दल बोलायला लागल्या. चिमीला भयंकर राग आला, आणि त्या गेल्यावर घर इतकं रिकामं वाटलं की त्याचाही राग आला. जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तिनं काम धरलं. तिथं आवाजबंद खोली होती खरी, पण तिचं दार नीट लागत नसे, आणि म्हाताऱ्यांच्या कानांची तपासणी ट्रकच्या भोंग्यांच्या मधल्या फटींत करावी लागे. तिकडून आईचे फोन येत. आई तळ्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत जायला लागली होती. ग्रंथपालबाईनं तिला हातमोजे विणून दिले होते. एकदा बर्फावरून ती घसरली, तर कोणी आलं नाही. ती स्वतःच कुंपण धरून उठली, कोट झटकला आणि घरी गेली. हे तिनं अभिमानानं सांगितलं. इथं असती तर दहा जण धावले असते, चिमी म्हणणार होती. बोलली नाही. कारण इथं असती तर आई बाहेर पडलीच नसती, हे तिला आता कळत होतं, आणि हे दोन्ही खरं होतं, एकाला दुसऱ्यानं खोडता येत नव्हतं.

त्रास एकाच गोष्टीचा फार होई: लोकांच्या विचारण्याचा. आई तिकडे, नवरा तिकडे, आणि तू इकडे कशी? तिनं वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. घराची व्यवस्था लावायची आहे. दवाखान्यात माणूस नव्हतं. रजा शिल्लक होती. उत्तर दिलं की लोक मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारत. खोटं नाणं दुकानदारानं परत करावं तसं ते उत्तर तिच्याकडे परत येई.

मग एका संध्याकाळी लिफ्टवर पुन्हा 'बंद आहे'ची पाटी लागली होती आणि चिमी दवाखान्यातून येऊन जिना चढत होती. शिंपीकाका पुढे होते, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, कोणाचे तरी शिवलेले पडदे पोचवायला निघालेले. जिन्यातला दिवा लागत नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, गाठोडं खाली ठेवलं आणि धापा टाकत म्हणाले, "चिमे, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा."

"तुझं आणि जावईबापूंचं काही… म्हणजे बिनसलंय का?"

"नाही हो काका."

"नोकरी गेली का तिकडची?"

"नाही."

"मग तू का राहिलीस गं इथं?"

चिमीनं तोंड उघडलं, रजेचं सांगायला. पायाखाली फरशी फुटलेली होती. वरून कोणाच्या तरी घरातून मिरचीच्या फोडणीचा वास येत होता, खालून स्कूटर सुरू होत नव्हती, आणि तिच्या हातातल्या पिशवीचा बंद बोटांत रुतला होता. ती दमली होती. उत्तर शोधायचा कंटाळा आला होता.

"मला आवडतं म्हणून," ती म्हणाली.

शिंपीकाकांनी तिच्याकडे बघितलं. मग अंधाऱ्या जिन्याकडे, लोंबणाऱ्या वायरींकडे, कोपऱ्यातल्या केराच्या डब्याकडे. "हे?" ते म्हणाले.

"हो. हे."

ते हसायला लागले. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना कठडा धरावा लागला. हसता हसता त्यांनी गाठोडं उचललं आणि वर निघाले, प्रत्येक मजल्यावर कोणी तरी दार उघडून काय झालं विचारत होतं आणि ते हसूनच सांगत होते, "आवडतं म्हणते! हिला हे आवडतं!" आणि पुढचं दार उघडत होतं. चिमी वळणावर उभी होती. कान तापले होते. एवढ्या मोठ्यानं कोणी तिचं खरं कधी सांगितलं नव्हतं. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्या उघडलेल्या दारांमधून वर जायला लागली.